पॉवर हॅमरवर मडगार्ड घडवायचं तर आधी डाय घडवा

माझ्या कपाटात डायच्या, म्हणजे पॉवर हॅमरमध्ये पत्रा ज्या दोन पोलादी ठोकळ्यांमध्ये ठोकला जातो त्यांच्या, अकरा जोड्या आहेत. त्यांतल्या सात मी मडगार्डसाठी बनवल्या, आणि त्यांतल्या दोन तर एका जुन्या मोटरसायकलच्या मागच्या मडगार्डपुरत्याच. तयार मिळणाऱ्या डाय वाईट असतात असं नाही. कुठल्याही पत्र्यावर थोडंफार काम व्हावं अशा बेतानं त्या केलेल्या असतात. मडगार्डला थोडंफार चालत नाही. ते टायरच्या शेजारी बसतं आणि टायर अचूक गोल असतो, त्यामुळे दोन मिलिमीटरचा फरकही लांबून दिसतो.

मी मूळची लेथवरची. पंधरा वर्षं शाफ्ट आणि बुश टर्निंग केले, मग पत्र्याकडे वळले. लेथवर नको असलेला धातू काढून टाकता येतो. पत्र्यात काही काढता येत नाही आणि काही घालताही येत नाही. आहे तोच धातू इकडचा तिकडे न्यायचा असतो. डाय कशी करायची हे समजायला मला हा फरक आधी समजावा लागला, म्हणून पहिल्यांदा तेच सांगते.

पॉवर हॅमर म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखी मोठी फ्रेम. वर मोटर आणि क्रँक, क्रँकला कमानपाटे, पाट्यांच्या टोकाला वर-खाली होणारा रॅम. रॅममध्ये वरची डाय, समोर खांबावर खालची. अमेरिकेत एम्सबरीच्या पेटिंगेल आणि क्लीव्हलंडच्या योडर कंपनीचे असे हॅमर मोटारींच्या बॉडी बनवणाऱ्या कारखान्यांत असत. माझा हॅमर मीच जोडलेला आहे, पण काम तेच. मशीन फक्त ठोके देतं. पत्रा कुठल्या दिशेला जाणार हे डायचा आकार ठरवतो.

स्टील कापण्याआधी कागद कापा

जुनं मडगार्ड हाताशी असेल तर त्यावर जाड कागद अंथरा, नसेल तर लाकडी साच्यावर. मध्यरेषेवर कागद चिकटवा आणि दोन्ही बाजू खाली दाबा. कागद कडेला चुण्या घालायला लागेल. तिथे कडेपासून आत कापे द्या. काप्याच्या दोन बाजू एकमेकींवर चढल्या, तर तिथे पत्रा आवळायचा आहे. फाकल्या, तर ताणायचा आहे. दोन्हीकडे किती मिलिमीटर ते पेन्सिलीनं कागदावरच लिहा. हे काम मी आजही दरवेळी करते.

मग हिशोब. त्या मागच्या मडगार्डची मापं घेऊन करून दाखवते. माथ्याची, म्हणजे मध्यरेषेची, त्रिज्या ३४० मिमी, कडेची २९०, चाकाभोवतीचा पसारा १२० अंश. म्हणजे माथ्यावरची लांबी ७१२ मिमी आणि कडेवरची ६०७. एकाच पट्टीत १०५ मिमीचा फरक. सगळा फरक माथा ताणून भरला, तर तिथला पत्रा १५ ते १७ टक्के पातळ होईल. सगळा कडा आवळून भरायचा, तर हात दुखेपर्यंत आवळत बसावं लागेल. मी मधली वाट घेतली. पट्टी ६६० मिमीची कापली. माथा ५२ मिमी ताणायचा, कडा ५३ मिमी आवळायची, म्हणजे दोन्हीकडे साधारण ८ टक्के. १.२ मिमीचा पत्रा माथ्यावर १.१ च्या आसपास राहतो, आणि एवढं चालतं.

आता रुंदी. मडगार्ड १५० मिमी रुंद आणि ५० मिमी खोल आहे. अर्ध्या रुंदीचा वर्ग अधिक खोलीचा वर्ग, भागिले खोलीची दुप्पट: ५६२५ अधिक २५०० भागिले १००. आडव्या छेदाची त्रिज्या ८१ मिमी निघाली. वाकाच्या अंगानं मोजलं तर माथ्यापासून कडेपर्यंत ९५ मिमीहून थोडं जास्त अंतर आहे, म्हणजे पट्टीची रुंदी १९१. कडेच्या घडीत ५ मिमीची तार भरायची होती. तारेच्या जाडीच्या अडीचपट पत्रा लागतो, म्हणून प्रत्येक बाजूला १२.५ मिमी जास्त. एकूण २१६.

या सगळ्यातून निघालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे एक रेषा. माथ्यापासून २५ मिमी खाली, जिथे त्रिज्या ३१५ आहे, तिथली लांबी बरोबर ६६० येते. तिथे ताणायचंही नाही आणि आवळायचंही नाही. पत्र्यावर ती रेषा मध्यरेषेपासून ६५ मिमीवर पडते. म्हणजे मधला १३० मिमीचा पट्टा ताणायचा, तोही मध्यरेषेवर सगळ्यात जास्त आणि बाहेर जाताना कमी कमी करत. दोन्ही बाजूंच्या तीस-तीस मिमीच्या कडा, त्यांना लागून ठेवलेल्या तारेच्या पत्र्यासह, आवळायच्या. दोन कामं, दोन वेगळ्या डाय. शेवटी सपाटी आणायला, म्हणजे ठोक्यांचे उंचसखल घालवायला, तिसरी.

ताणायची जोडी

हातोड्याच्या चपट्या चोचीनं सळई ठोकली की ती चोचीच्या आडव्या अंगाला पसरते. ताणायची डाय हेच करते. वरच्या डायचा चेहरा अर्धगोल पन्हाळ्यासारखा पण पालथा, एकाच दिशेत गोल. माझ्या वरच्या डायची त्रिज्या २० मिमी, खालचीची ७५. धारेची, म्हणजे गोलाईवरच्या सगळ्यात उंच रेषेची, लांबी ४० मिमी.

पत्रा धारेच्या काटकोनात लांब होतो. मला मडगार्ड लांबीत वाढवायचं आहे, म्हणून धार पट्टीच्या आडवी हवी. लांब पट्टी हॅमरच्या घशात, म्हणजे सी फ्रेमच्या पोकळीत, सरळ घातली तर मागच्या फ्रेमला अडते. ती डावीकडून उजवीकडेच सरकवावी लागते. म्हणून डायची धार घशाच्या दिशेनं, पुढून मागे असायला हवी. तीच डाय दुसऱ्या कामाला काटकोनात फिरवून लागते. यासाठी डायच्या दांड्याला, म्हणजे होल्डरमध्ये बसणाऱ्या भागाला, चौकोनी बैठक किंवा पिन लागते. माझी पहिली जोडी गोल दांड्याची होती आणि ती एका स्क्रूवर धरलेली होती. ठोके खाऊन डाय काही अंश फिरली, मला कळलं नाही, आणि पट्टी स्क्रूसारखी पिळत गेली. ती पट्टी सरळ करता आली नाही. तेव्हापासून मी दांड्याच्या खांद्यात ६ मिमीची पिन घालते आणि होल्डरमध्ये तिच्यासाठी चार खाचा ठेवते.

धारेची दोन्ही टोकं मोकळी सोडायची, म्हणजे शेवटच्या ८ मिमीत हळूहळू खाली उतरवायची. टोक तसंच ठेवलं तर प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर चंद्रकोरीसारखी खूण उठते. ती खूण कानसीनं काढायला गेलात की पत्रा तिथेच पातळ होतो.

आवळायची जोडी

ही सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारी. हिला अंगठ्याच्या नखाची डाय म्हणतात, कारण खालच्या डायवरचा उंचवटा नखासारखा दिसतो. मागे, घशाच्या बाजूला, उंच. पुढे, आपल्याकडे, उतरत उतरत सपाट. वरच्या डायमध्ये त्याला जुळणारी खोबण. पत्र्याची कड आत सरकवली की ठोक्यांनी तिथे सुरकुती उभी राहते, कडेला खोल आणि आत विरत जाणारी. मग ठोके चालू असतानाच पत्रा आपल्याकडे ओढायचा. सुरकुती उताराच्या बाजूनं सपाट भागाखाली येते, तिला बाजूला पसरायला वेळ मिळत नाही, आणि धातू स्वतःतच दबून जाड होतो. तेवढी कडेची लांबी कमी झाली.

माझा उंचवटा मुळाशी २४ मिमी रुंद आणि ५ मिमी उंच आहे. अशा कमानीवरून जाणारा पत्रा सरळ अंतरापेक्षा सुमारे २.८ मिमी जास्त लागतो. म्हणजे एक सुरकुती पुरी जिरली तर कड २.८ मिमी आवळेल. ५३ मिमीला अशा १९ सुरकुत्या पुरल्या असत्या. पण पुरी कधीच जिरत नाही, थोडी परत पसरते. माझ्या हातून निम्म्याच्या आसपास जिरते, म्हणून प्रत्येक कडेला ३५ ते ४० सुरकुत्या धरते आणि त्या दोन फेऱ्यांत घालते. दुसऱ्या फेरीच्या सुरकुत्या पहिल्यांच्या मधोमध. उंचवटा आणखी उंच केला तर काम लवकर होईल असं वाटतं. मी ८ मिमी करून पाहिलं. सुरकुती स्वतःवर दुमडली, आणि त्या घडीत पुढे चीर गेली. १.२ मिमीच्या पत्र्याला ५ मिमी बरं.

उंचवट्याची लांबी तुमच्या आवळायच्या पट्ट्याएवढी ठेवा. माझी ४५ मिमी आहे, कारण तीस मिमीची कड आणि तारेचा पत्रा मिळून तेवढं होतं. डाय स्वतः बनवायची ती याचसाठी: लांब उंचवट्याची डाय वापरली असती तर जिथे काहीच करायचं नाही त्या रेषेपलीकडेही सुरकुती गेली असती.

वरच्या खोबणीला पत्र्याची जाडी दोन्ही बाजूंनी मोकळी द्यावी लागते, वर थोडा श्वास. मी आधी खालची डाय पूर्ण करते, तिच्यावर १.२ मिमीच्या पत्र्याची पट्टी हातानं बसवते, वरून मार्किंग ब्लू (टेकलेली जागा दाखवणारा निळा रंग) लावते आणि वरची खोबण तिच्यावर टेकवून बघत उतरवते. जिथे निळं लागतं तिथे डाय ग्राइंडरनं घासायचं, पुन्हा टेकवायचं. दोन संध्याकाळी जातात. घाई केली तर खोबणीची भिंत पत्र्याला ओरबाडते.

सपाटीची जोडी

वरची जवळजवळ सपाट, खालची घुमटी. खालच्या डायची त्रिज्या मडगार्डच्या त्रिज्येपेक्षा थोडी लहान हवी. माझं मडगार्ड ८१, डाय ७५. उलटं केलंत, म्हणजे डाय जास्त पसरट ठेवलीत, तर डायचा मधला भाग पत्र्याला लागणारच नाही आणि कड रुतत जाईल.

घुमटी लेथवर करायला गोल टर्निंगची जोडणी असेल तर उत्तम. नसेल तर पायऱ्या काढा. ५० मिमी व्यासाच्या डायला ७५ ची गोलाई द्यायची, तर मध्यापासून ५ मिमीवर ०.१७ मिमी खाली, १० वर ०.६७, १५ वर १.५२, २० वर २.७२ आणि २५ वर ४.२९. एवढ्या पायऱ्या लेथवर काढा, त्यांना ब्लू लावा आणि कानसीनं पायऱ्यांचे कोपरे घासत जा. पायरीच्या आतल्या कोपऱ्यातली निळी रेघ जेमतेम नाहीशी झाली की थांबायचं. पत्र्यातून कापलेला ७५ च्या त्रिज्येचा फर्मा वर ठेवून उजेडाकडे धरा, फट दिसेल तिथे अजून काम आहे.

या डायची मान उंच ठेवायला विसरू नका. मडगार्डच्या बाजू ५० मिमी खाली लोंबतात. मान आखूड असेल तर बाजू होल्डरवर आपटत राहतात. माझी ९० मिमी आहे. उंच मान बारीक करू नका, खालून जाड आणि वर निमुळती ठेवा. बारीक मानेची डाय ठोक्याला थरथरते आणि पत्र्यावर लाटा उठतात.

स्टील, पॉलिश आणि त्यातली कड

साध्या मडगार्डसाठी मी ४१४० स्टील आधीच कडक केलेल्या अवस्थेत घेते, कडकपणा रॉकवेल सी मापानं ३० च्या आसपास. लेथवर कापता येतं आणि मऊ पोलादी पत्र्यापुढे भरपूर कडक आहे. शिवाय भट्टीत वाकण्या-तडकण्याची भीती नाही. नखाच्या डायला मात्र झीज फार. ती मी ओ १ स्टीलची करते, सुमारे ८०० अंश सेल्सियसला तापवून तेलात बुडवून कडक करते आणि लगेच २०० अंशांना तासभर टेंपर करते, म्हणजे तिचा ठिसूळपणा उतरवते. टेंपर न केलेली डाय हॅमरला कधीही लावू नका. ती फुटते आणि तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आकार नक्की पटलेला नसेल तर आधी साध्या माइल्ड स्टीलची करून पाहा. तिच्यावर चार पट्ट्या नीट निघतात, तेवढ्यात चूक समजते. माझ्या सातांपैकी तीन जोड्यांचा पहिला अवतार माइल्ड स्टीलचाच होता.

पॉलिशला वेळ द्या. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, २४०, ४००, ६००, आणि शेवटी बफ. प्रत्येक वेळी आधीच्या कागदाच्या आडव्या दिशेनं घासा, म्हणजे जुने ओरखडे गेले की नाहीत ते दिसतं. डायवर जे असेल ते पत्र्यावर हजार वेळा छापलं जाणार आहे. चेहरा चकाकला म्हणून थांबू नका, कडेकडे बघा. चेहऱ्याची गोलाई कडेला मिळते तिथे ५ मिमीची सुटी गोलाई हवी, आणि दोन्हींच्या सांध्यात उंबरठा नको. मी कापसाचा बोळा कडेवरून फिरवते. एक जरी तंतू अडकला तरी पुन्हा कागद घेते. माझी पहिली सपाटीची जोडी आरशासारखी होती, फक्त कड तशीच राहिली होती. त्या जोडीवर अॅल्युमिनियमची दोन मडगार्डं खराब झाली. काम जवळजवळ पूर्ण झालं होतं, प्राइमर मारला आणि सगळीकडे चंद्रकोरी उमटल्या. गिऱ्हाइकाला मी ती दिली नाहीत, नवीन करून दिली.

बसवणं आणि चाचणी

डाय बदलताना मुख्य स्विच बंद करून कुलूप लावते आणि रॅमखाली लाकडी ठोकळा ठेवते. कमानपाट्यांत ताण असतो, मोटर बंद असली तरी रॅम खाली येऊ शकतो. बसवल्यावर फ्लायव्हील हातानं पूर्ण एक फेरा फिरवायचं. तो फेरा अडला तर मोटरनंही अडणारच.

दोन्ही डाय एका रेषेत आहेत का हे बघायला पांढरा कागद आणि कार्बन पेपर मध्ये ठेवते, आणि हातानंच रॅम खाली आणते. ताणायच्या जोडीचा ठसा सारख्या रुंदीची सरळ रेघ यायला हवा. एका टोकाला जाड आला तर डाय कलती आहे, खाली शिम, म्हणजे पत्र्याचा पातळ तुकडा, घाला. सपाटीच्या जोडीचा ठसा मधोमध गोल हवा.

मग त्याच पत्र्याची ३०० बाय १०० ची पट्टी घ्या. मार्करनं २० मिमीच्या चौकटी आखा. टोकदार सुईनं आखू नका, तो ओरखडा ताणताना चिरतो. खालची डाय एवढी वर घ्या की ठोका पत्र्याला जेमतेम लागेल, मग ती पाव आटा आणखी वर, पुन्हा पाव आटा. दोन पोलादांमध्ये पत्रा खरोखर दाबला जातो तेव्हाच तो वाढतो; त्याआधी फक्त वाकतो. आवाजात फरक पडतो, आणि कान झाकलेले असले तरी मनगटाला कळतो. कान मात्र झाकाच. मी आत प्लग आणि वर मफ, दोन्ही घालते. बोटं डायपासून वीतभर लांब. पत्र्याच्या कडा आधी कानसीनं मारून घ्या, कारण ठोक्यांत सरकणारी कड तळहात कापते.

पट्टी दोन फेऱ्या चालवून चौकटी मोजा. २० ची २१ झाली असेल तर ५ टक्के ताण आला. मायक्रोमीटरनं जाडीही बघा. हे दोन आकडे मिळाले की मडगार्डला किती फेऱ्या लागतील हे अंदाजानं नव्हे, गुणाकारानं कळतं.

मडगार्डवर

पट्टीला आधी हातानं किंवा रोलवर आडवी थोडी गोलाई देते, सपाट पट्टी हॅमरखाली फडफडते. पहिल्यांदा कडा आवळते, मग मधला पट्टा ताणते, मग पुन्हा थोड्या कडा. एकदम एकीकडचं सगळं करत नाही. दर फेरीनंतर ३४० चा फर्मा माथ्यावर आणि ८१ चा आडवा लावून बघते. लांबीचा फर्मा मध्ये टेकला आणि टोकांना फट राहिली, तर वाक जास्त झाला, ताणणं थांबवा. टोकांना टेकून मध्ये फट दिसली, तर अजून ताणायचं आहे. फेऱ्या मध्यरेषेवर सगळ्यात जास्त. दर १५ मिमी बाहेर गेल्यावर एक फेरी कमी.

पोलादी पत्रा कामानं कडक होतो. ८ टक्क्यांसाठी मऊ, खोल ओढायला केलेला पत्रा असेल तर तापवायची गरज पडत नाही. ३००३ अॅल्युमिनियमच्या कडा मात्र आवळताना मी एकदा मऊ करते. नुसत्या अॅसिटिलीनच्या ज्योतीनं काजळी धरवायची, मग ऑक्सिजन वाढवून हलक्या ज्योतीनं ती काजळी जाईपर्यंतच तापवायचं. त्यापुढे ज्योत थांबली की भोक पडतं.

सपाटीला वेग वाढवा आणि ठोका हलका करा. पत्रा सतत सरकता ठेवा, ठोके एकमेकांवर अर्धे चढतील असा. मधून हात फिरवा, डोळ्याला न दिसणारी लाट तळहाताला लागते. कडेची तार अगदी शेवटी भरा, कारण तार भरल्यावर आवळायची डाय कडेला लागूच शकत नाही.

काम झाल्यावर दांड्यावर पंचनं त्रिज्या आणि पत्र्याची जाडी ठोकते. डायला तेल लावून, चाचणीची चौकटी आखलेली पट्टी तिच्याभोवती गुंडाळून डब्यात ठेवते. पट्टीवर किती आटे, किती फेऱ्या, किती टक्के ताण हे मार्करनं लिहिलेलं असतं. दोन वर्षांनी तसंच मडगार्ड आलं की तो डबा उघडते आणि चाचणी न करता कामाला लागते.